आई-बाबांना इथे बस-ट्रेनने एकट्याने फिरता यावं यासाठी ग्रँट मिळते का? (सिएटल, ईस्टसाइड)

ओव्हरलेकवाली

नमस्कार मंडळी. आम्ही ईस्टसाइडला, म्हणजे सिएटलहून तळ्याच्या पूर्वेकडे, रेडमंड आणि बेलव्ह्यूच्या सीमेवर राहतो. दर शनिवारी दुपारी आमच्याकडे ज्येष्ठांचा कट्टा भरतो, ठरवून वगैरे काही सुरू केला नव्हता, दोन-तीन जणांचे आई-बाबा एकाच वेळी आले होते त्यातून वाढत गेला. काही जण ग्रीन कार्डवर कायमचे आलेत, बरेचसे सहा महिन्यांसाठी येणारे. पत्ते, भजन, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं, सगळं चालतं. अडचण एकच, यायचं तर मुलाने नाहीतर सुनेने गाडीतून सोडायला हवं. सोमवार ते शुक्रवार सगळे घरात. ज्यांनी वर्षानुवर्षं डोंबिवली-सीएसटी केलंय, पीएमटीला लटकून ऑफिस गाठलंय ती माणसं इथे आली की "आम्हाला नाही बाई जमायचं इथलं" म्हणून बसून राहतात याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

आणि सोय नाही असंही नाही ना आता. बी लाइन बस २०११ पासून आहे, बेलव्ह्यू-क्रॉसरोड्स-ओव्हरलेक-रेडमंड. टू लाइन ट्रेन एप्रिल २०२४ मध्ये रेडमंड टेक्नॉलॉजी स्टेशनपर्यंत सुरू झाली आणि मे २०२५ मध्ये डाउनटाउन रेडमंडपर्यंत पोचली. स्टेशन घरापासून चालत जाण्यासारखं, आणि आमच्या कट्ट्यातल्या निम्म्या लोकांनी अजून आत पाऊल ठेवलेलं नाही.

आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये चिनी आणि रशियन बोलणारे आजी-आजोबा पण खूप आहेत, त्यांचीही हीच गत. खाली लॉनवर भेटतात, हसतात, नातवंडांकडे बोट दाखवतात, पुढे बोलणं खुंटतं. तर डोक्यात असं आहे की सगळ्यांना मिळून आठवड्यातून एकदा बस-ट्रेनने कुठेतरी न्यायचं, कार्ड कसं वापरायचं, स्टॉप कसा ओळखायचा हे करता करता शिकवायचं आणि हळूहळू त्यांचं त्यांना जाऊ द्यायचं. शहरं, काउंटी अशा कामाला कम्युनिटी ग्रँट देतात असं ऐकलंय. मग हे वाहतुकीत बसतं की ते मल्टिकल्चरल वाल्या ग्रँटमध्ये? आमची रजिस्टर्ड संस्था नाही, चालेल का? आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे सरकारी पैसा घेतला म्हणून कोणी आई-बाबांचा व्हिसा विचारायला लागलं तर? कोणी असं काही केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

अर्जदार_काकू

अगं नक्की कर, फार गरजेचं आहे हे. मी एका छोट्या नॉन-प्रॉफिटसाठी बरीच वर्षं ग्रँटचे अर्ज लिहिते तेव्हा माहीत आहे तेवढं सांगते, थोडं लांबेल.

आधी हे बघ की वाहतुकीचा पैसा वेगळा आणि संस्कृतीचा पैसा वेगळा, देणारे वेगळे, ते बघतात त्या गोष्टीही वेगळ्या. ज्येष्ठ आणि अपंग लोकांच्या प्रवासासाठी फेडरल सरकारचा सेक्शन ५३१० नावाचा निधी असतो, आपल्या भागात तो प्युजेट साउंड रीजनल कौन्सिल आणि राज्याच्या वाहतूक खात्यामार्फत वाटला जातो. त्यात कॅपिटल खर्चाचे (गाड्या वगैरे घेण्याचा) ८० टक्के ते देतात, २० टक्के आपण उभे करायचे, आणि ऑपरेटिंग (रोजचं चालवण्याचा खर्च) असेल तर निम्मे-निम्मे. आता गंमत बघ, तुला जे करायचंय, म्हणजे लोकांना माहिती देणं, प्रवास ठरवून देणं, सोबत जाऊन शिकवणं, याला त्यांच्या भाषेत मोबिलिटी मॅनेजमेंट म्हणतात आणि ते गाडी विकत घेण्यासारखं कॅपिटलमध्ये धरलं जातं. म्हणजे २० टक्केच उभे करायचे. बऱ्याच छोट्या संस्थांना हे माहीतच नसतं, त्या ऑपरेटिंगमध्ये टाकतात आणि अर्धे पैसे कुठून आणायचे म्हणून अर्ज सोडून देतात.

पण हे पैसे तुम्ही स्वतः थेट मागू नका असं माझं स्पष्ट मत. कारण एक, हे पैसे आधी खर्च करायचे आणि मग बिलं लावून परत मिळवायचे असे असतात, मधले काही महिने कोणाच्या खिशातून जाणार? दुसरं म्हणजे रिपोर्ट, ऑडिट, इन्शुरन्स. हौसेने सुरू केलेला ग्रुप ह्या कागदांखाली वर्षभरात मोडतो, मी डोळ्यांनी बघितलंय. त्यापेक्षा जी संस्था हे काम आधीच करते तिच्या हाताखाली जा. रेडमंडमध्येच होपलिंक आहे, त्यांचं मोबिलिटीचं स्वतंत्र काम चालतं, बस-ट्रेन कशी वापरायची हे लोकांना शिकवतात. त्यांच्याकडे अनुभव आहे आणि तुमच्याकडे माणसं आणि भाषा आहेत, आणि ते त्यांना सहजासहजी मिळत नाही, तेव्हा याचकासारखं जाऊ नका.

शहरांचं म्हणशील तर ईस्टसाइडची बरीच शहरं ह्यूमन सर्व्हिसेसचे अर्ज दोन वर्षांतून एकदाच आणि एकाच ठिकाणी घेतात, म्हणजे बेलव्ह्यू, रेडमंड, कर्कलंड, इसाक्वा यांना वेगवेगळं लिहावं लागत नाही. रजिस्ट्रेशन नसेल तर फिस्कल स्पॉन्सर शोधा, म्हणजे एखादी रजिस्टर्ड संस्था जी तुमच्या वतीने पैसे घेईल आणि हिशोब ठेवेल. ती तिचा प्रशासकीय खर्च घेणार, घेऊ दे. फेडरल पैशात ज्यांचा वेगळा ठरलेला दर नाही त्यांना ऑक्टोबर २०२४ पासून १५ टक्क्यांपर्यंत घेता येतो, आधी १० होता. त्यावरून वाद घालू नका, अकाउंटंट फुकट मिळत नाही.

आणि अर्जात दिवाळी, लेझीम, पुरणपोळी घालू नका गं. करमणुकीचा खर्च फेडरल पैशात बसतच नाही. सण करायचाय तर तो फोरकल्चरकडे, म्हणजे काउंटीच्या कला-संस्कृतीच्या संस्थेकडे, वेगळा मागा, किंग काउंटीने डिसेंबर २०२३ मध्ये कला-संस्कृतीसाठी ०.१ टक्का सेल्स टॅक्स मंजूर केला तो डोअर्स ओपन कार्यक्रम त्यांच्यामार्फतच चालतो. दोन्ही एका अर्जात कोंबलं की वाहतूकवाल्यांना वाटतं ही पार्टी आहे आणि संस्कृतीवाल्यांना वाटतं हे बसचं काम आहे. किती ज्येष्ठ, कुठून कुठे जायचंय, आत्ता का जाता येत नाही, सहा महिन्यांनी काय बदललेलं दिसेल, बस एवढंच लिही, साध्या शब्दांत.

माधव_कर्कलंड

मी स्वतः ७२ वर्षांचा आहे, मुलाकडे कायमचा आलोय, आता बसने सगळीकडे जातो. म्हणून शिकणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

आमच्या हिने पहिला प्रश्न विचारला होता, इथे हाफ तिकीट असतं का. साहजिक आहे, आपल्याकडे एसटीत ६५ च्या पुढे अर्धं आणि २०२२ पासून ७५ च्या पुढे फुकट, सवय झालेली असते. तर हो, इथेही आहे. ६५ पूर्ण झाले की सवलतीचं ओर्का कार्ड (इथलं बस-ट्रेनचं टॅप करायचं कार्ड) मिळतं, बस असो की लिंक ट्रेन (तुमची टू लाइन त्यातलीच), एक डॉलर. मोठ्यांना तीन पडतात. आणि ही सवलत वयावर आहे, उत्पन्नावर नाही. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो. ताई, तुमच्या व्हिसाच्या भीतीचं निम्मं उत्तर इथेच आहे, हे कोणाच्या मदतीवर जगणं नव्हे, म्हातारपणाची सवलत आहे. एकदा टॅप केलं की दोन तास दुसऱ्या बसला किंवा ट्रेनला त्याच पैशात बदलता येतं. १८ आणि त्याखालच्या मुलांना सप्टेंबर २०२२ पासून फुकट आहे, त्यामुळे नातवाला घेऊन क्रॉसरोड्सच्या लायब्ररीत जाऊन यायचं आणि दोन तासांत परतलात तर दोघांचा मिळून एक डॉलर.

आता शिकवायचं काय? आपली माणसं इंग्रजीला घाबरत नाहीत हो तेवढी. घाबरतात ती चारचौघांत चूक होईल याला. लिंकच्या स्टेशनवर गेट नसतं, दांडा आडवा येत नाही, नुसता प्लॅटफॉर्मवर खांब असतो त्याला कार्ड लावायचं, ते न कळल्याने माणूस गोंधळतो की तिकीट घेतलं की नाही घेतलं. उतरताना पुन्हा लावायची गरज नाही, ऑगस्ट २०२४ पासून सगळीकडे एकच भाडं आहे. साध्या बसमध्ये पुढच्या दाराने चढून ड्रायव्हरजवळ टॅप, पण बी लाइनच्या मोठ्या स्टॉपवर खांबाला टॅप करून कुठल्याही दाराने चढता येतं. उतरायचं असेल तर खिडकीजवळची दोरी ओढायची. ती दोरी ओढायला माणसं लाजतात! आपल्याकडे कंडक्टर घंटी मारतो, आपण कशी मारायची असं वाटतं. गुडघे दुखत असतील तर ड्रायव्हरला सांगायचं, तो बस फुटपाथच्या बाजूला खाली वाकवतो, फळीही टाकतो, कपाळावर आठी न आणता. हे एकदा दिसलं ना की आमच्या वयाच्या माणसाचा अर्धा धीर परत येतो.

माझं मत, क्लासरूममध्ये स्लाइड दाखवून काही होणार नाही. पहिल्या काही वेळा कोणीतरी शेजारी बसावं. नंतर तीच व्यक्ती दोन सीट मागे बसावी आणि अजिबात बोलू नये, माणूस चुकला तरी स्टॉप निघून जाऊ द्यावा, पुढच्या स्टॉपवर उतरून रस्ता ओलांडून परत कसं यायचं हे कळलं की तो कायमचा सुटला. मला हे एका स्वयंसेवकाने असंच शिकवलं, त्याचे उपकार विसरणार नाही.

हिवाळ्याचं मात्र आधीच ठरवा. डिसेंबरमध्ये साडेचारच्या आत अंधार, वर पाऊस. सकाळी दहाला निघून दोनपर्यंत घरी, असंच वेळापत्रक ठेवा, नाहीतर घरचेच पाठवणार नाहीत.

ओव्हरलेकवाली

काका, दोरीचं अगदी खरं, आमच्या आईने परवा मला ओढायला सांगितली 😊 आणि मागच्या सीटची कल्पना फारच आवडली.

काकू, मग पैसा नेमका कशाला मागायचा? भाडं तर एकच डॉलर आहे म्हणतायत काका.

अर्जदार_काकू

माणसांच्या वेळेला. सोबत जाणारे, दुभाषे, आणि सगळं जुळवणारी एक व्यक्ती, तिला अर्धवेळ का होईना पगार हवा. फुकटात एकीने सगळं ओढायचं आणि ती थकली की प्रकल्प बंद, असं नको.

फक्त एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेव. तुमच्याकडे सोबत जायला सगळ्यात आधी तयार होतील त्या एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे आलेल्या मुली, दिवसा वेळ असतो त्यांना, हुशार असतात. पण वर्क परमिट नसेल तर त्यांना मानधन घेता येत नाही, आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांनाही नाही, अगदी छोटी रक्कम असली तरी. हे सुरुवातीलाच विचारून घ्या, उगाच कोणाच्या व्हिसाला धक्का नको. त्यांनी बिनपगारी वेळ दिला तर तो तास मोजून तुमच्या वाट्याच्या मॅचमध्ये दाखवता येतो का ते त्या त्या ग्रँटमध्ये बघायचं, बऱ्याच ठिकाणी चालतं. त्यामुळे पहिल्या दिवसापासून वही ठेवा, कोण आलं, किती वाजता, किती वेळ. आणि स्वयंसेवकांच्या स्वतःच्या गाडीतून ज्येष्ठांना नेण्याच्या भानगडीत पडू नका, इन्शुरन्सचा प्रश्न येतो, आणि मुळात आपल्याला गाडीपासूनच सुटका हवीय ना.

नकाशावाला

मी वाहतुकीच्या नियोजनात काम करतो (कुठे ते नको), म्हणून दोन गोष्टी ज्या बाहेरून दिसत नाहीत.

फेडरल पैसा घेणाऱ्या प्रत्येक वाहतूक संस्थेला १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्याचा टायटल सिक्स लागू आहे, त्यात मूळ देशावरून भेदभाव करता येत नाही, आणि त्यातूनच भाषेची सोय करायची जबाबदारी येते. महत्त्वाची कागदपत्रं कोणत्या भाषेत करायची यासाठी वर्षानुवर्षं वापरलेलं साधारण मोजमाप असं की सेवेच्या भागात इंग्रजी नीट न येणारे त्या भाषेचे लोक ५ टक्के किंवा १०००, यातलं जे कमी असेल तेवढे हवेत. आता मराठीचं काय होतं बघा. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेच्या (जनगणना खातं दरवर्षी काही घरांत करतं तो) भाषेच्या तक्त्यात हिंदी, गुजराती, पंजाबी, बंगाली यांना आपापली ओळ आहे, आणि मराठी येते "नेपाळी, मराठी आणि इतर इंडिक भाषा" अशा एकाच खोक्यात. त्यात पुन्हा आपल्याकडे नोकरी करणाऱ्यांना इंग्रजी उत्तम येतं, त्यामुळे कागदावर असं चित्र दिसतं की ह्या लोकांना काही अडचण नाही. घरात बसलेल्या आजी त्या आकड्यात कुठेच नाहीत. म्हणून तुमच्या कट्ट्याची साधी यादी, नावं न घेता, वय, भाषा, जवळचा स्टॉप, गाडी येते का, कुठे जावंसं वाटतं, ही अर्जासाठी फार मोलाची आहे. आमच्या टेबलावर अशी यादी आली तर आम्ही ती वाचतो, खरंच वाचतो.

दुसरं, आणि हे सगळ्यांनी घरी सांगा. हा सर्व्हे तुमच्या पत्त्यावर आला तर त्यात घरी दोन महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्या सगळ्यांना धरायचं असतं. म्हणजे सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबासुद्धा. बहुतेक लोक त्यांना पाहुणे समजून गाळतात. दर दहा वर्षांच्या जनगणनेचा नियम वेगळा आहे, तिथे फिरायला आलेल्यांना धरत नाहीत, पण ह्या सर्व्हेत धरतात. माहिती कायद्याने गुप्त असते. बसच्या पैशांपासून भाषांतरापर्यंत बरंच काही ह्या आकड्यांवर ठरतं, आणि आपणच आपल्या माणसांना त्यातून वगळतो.

समामिश, इसाक्वाच्या डोंगरावर राहणाऱ्यांसाठी, तिथे बस विरळ आहे पण मेट्रो फ्लेक्स म्हणून बोलावून घ्यायची छोटी गाडी आहे, बसच्याच भाड्यात, ॲपवरून किंवा फोन करून. तिचा भाग ठरलेला असतो तेवढा तपासा.

निनाद_रेनियर

मी तळ्याच्या पलीकडे, सिएटलच्या दक्षिणेला ओथेलो भागात राहतो. थोडं वेगळं मत मांडतो.

सिएटलमध्ये नेबरहुड मॅचिंग फंड १९८८ पासून आहे, शेजाऱ्यांच्या साध्या गटालाही मागता येतो, रजिस्ट्रेशन लागतंच असं नाही, आणि तुम्ही घातलेले श्रमाचे तास, दान मिळालेलं सामान हे सगळं तुमचा वाटा म्हणून धरतात. तो सिएटल शहरापुरता आहे, रेडमंडला उपयोग नाही, पण त्यातून मी जे शिकलो ते तुम्हाला कामाला येईल. आमच्या रस्त्यावर सोमाली, व्हिएतनामी, फिलिपिनो, सगळे आहेत, ट्रेन २००९ पासून आहे. सुरुवातीला एका गटाने (नाव नको) अर्ज लिहून पूर्ण केला, सह्या करायच्या वेळी बाकीच्या समाजांना बोलावलं, "आम्ही तुम्हालाही घेतलंय" म्हणून. कोणी आलं नाही. का येतील? कुठे जायचं, कधी जायचं, सगळं ठरलेलं होतं, शुक्रवारी दुपारची वेळ ठेवली होती, जेव्हा सोमाली मंडळी मशिदीत असतात. साधं एकदा विचारलं असतं तर कळलं असतं.

म्हणून ताई, तुमच्या त्या चिनी आणि रशियन आजी-आजोबांकडे अर्ज लिहायच्या आधी जा. दुभाष्या म्हणून त्यांचीच नातवंडं आहेत की. त्यांना कुठे जायचंय ते विचारा, कदाचित तुमच्या यादीत नसलेलंच ठिकाण निघेल. समान पैसे, समान जागा, बजेटमध्ये त्यांच्या सोबत्यांना तेवढंच मानधन. मल्टिकल्चरल म्हणजे आपल्या कार्यक्रमात दुसऱ्यांनी येऊन बसणं नाही असं माझं ठाम मत आहे.

आणि पैशांसाठी थांबू नका. एक डॉलरचा प्रवास आहे, येत्या आठवड्यात सुरू करा. अर्ज येईपर्यंत तुमच्याकडे वही भरलेली असेल.

अर्जदार_काकू

निनादशी सहमत, फक्त "पैशांसाठी थांबू नका" याचा अर्थ "पैसे मागू नका" असा करून घेऊ नका. आपल्या लोकांना मागायचा संकोच असतो, आपण कमावते, आपल्याला कशाला ग्रँट असं वाटतं. मुलगा कमावतो, आईकडे स्वतःची गाडी नाही, भाषा नाही, ओळखीचं माणूस नाही. हा निधी तिच्यासाठीच आहे आणि तो मागणं हा तिचा हक्क आहे.

शर्वरी_बॉथेल

सगळं वाचलं, एकच भर घालते. माझ्या सासूबाई बसला तयार झाल्या ते फोनमुळे. स्टॉपच्या पाटीवर त्या स्टॉपचा नंबर असतो, तो वनबसअवे ॲपमध्ये टाकला की पुढची बस किती मिनिटांत ते दिसतं (हे ॲप इथल्याच युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये सुरू केलं होतं). आम्ही त्यांचे नेहमीचे स्टॉप सेव्ह करून दिले आणि एका कार्डावर घरचा पत्ता, स्टॉपचा नंबर, माझा फोन इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून पर्समध्ये ठेवला, खाली मराठीत "उजव्या हाताला उतरायचं, समोर पेट्रोल पंप". ते कार्ड त्यांनी आजवर कोणाला दाखवलं नाही, पण त्याशिवाय बाहेर पडत नाहीत. प्रत्येकाला असं त्याच्या भाषेत कार्ड करून द्या, छपाईचा खर्च बजेटमध्ये टाका.

ओव्हरलेकवाली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल संध्याकाळी दोन्ही शेजाऱ्यांकडे जाऊन आले, नातवंडांना मध्ये घालून. निनाद म्हणाले तसंच झालं, मी ट्रेनने डाउनटाउन रेडमंड धरून चालले होते, रशियन आजोबांना क्रॉसरोड्सला जायचंय कारण तिथे तो मोठ्ठा बुद्धिबळाचा पट आहे, आणि चिनी आजींना तिथेच जायचंय कारण बेलव्ह्यू शहराचं मिनी सिटी हॉल तिथे आहे, अनेक भाषांत मदत मिळते आणि त्यांचं एक पत्र महिन्यापासून पडून आहे. आपल्या मंडळींना लायब्ररीतली मराठी पुस्तकं बघायचीत. म्हणजे बी लाइनच ठरली.

बुधवारी सकाळी दहाला ओव्हरलेकच्या स्टॉपवर भेटतोय. ६५ च्या वरच्यांनी सवलतीचं कार्ड आधी काढून घ्या, पासपोर्ट लागेल. होपलिंकला मेल आजच करते, काकू, पाठवायच्या आधी तुम्हाला व्यक्तिगत संदेशात दाखवते. आणि मागच्या सीटवर गप्प बसायला दोन माणसं हवी आहेत, दिवसा मोकळे असाल तर इथेच कळवा.

माधव_कर्कलंड

मी येतो. कर्कलंडहून बेलव्ह्यूला बस बदलून, सव्वादहापर्यंत पोचतो, तोवर निघू नका.